दोन फेऱ्यांचा इलाज

गजभियेकाका कुठंही बसले की उजव्या पायानं ब्रेक दाबतात. आमच्या दिवाणावर बसून चहा पितानासुद्धा. टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळली की काकांचा पाय फरशीत रुततो आणि चहा बशीत सांडतो. एसटीचं स्टिअरिंग सोडून त्यांना बारा वर्षं झाली, पण पायाला अजून कुणी कळवलेलं नाही.

दिग्रसला आमची घरं भिंतीला भिंत लागून. माणूस देवासारखा, पण बूड म्हणून एका जागी टेकत नाही. शिवाय एक ठाम मत: भाजी, दळण, बँक, दवाखाना, सगळं एकाच फेरीत झालं पाहिजे. "रिकामी फेरी मारनं मंजे डिझेल जाळनं, मास्तर!"

मग काकूंच्या हृदयाचं दुखणं निघालं. एक झडप अरुंद झालेली, वर हृदयाला रक्त पुरवणारी एक नळीही तुंबलेली. नागपूरला मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की छाती उघडून दोन्ही एकदम करता येतं. पण काकूंचं वय, साखर आणि अशक्त किडन्या पाहता त्यात जिवाला धोका जास्त. त्यापेक्षा आधी नळीत स्टेंट घालू आणि काही आठवड्यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप बसवू.

"दोन फेऱ्या?" काका उखडले. "मॅडम, एवढ्या दूर आलो, तं दोनी कामं आताच करून टाका ना!"

"त्यांना झेपणार नाही, काका."

काकांनी पुढ्यातल्या कागदावर सही केली. स्टेंट नीट बसला, आम्ही परतलो.

आता झडपेची तारीख येईपर्यंत थांबायचं होतं, आणि थांबणं काकांना कुठलं जमायला! वाटेत गाडीचा हादरा बसला तर काकूंचं काही खरं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर "तसं काही नसतं" म्हटलं, तरी हे वही घेऊन एसटीनं नागपूरला गेले आणि वाटेतला एकेक खड्डा, एकेक गतिरोधक लिहून आले. एकदा नाही, तीनदा. तेही रिकाम्या फेऱ्या!

गाडी माझी जाणार, म्हणून वही माझ्या हातात आली. "दारव्ह्याच्या अलीकडं चिंचेपाशी डावीकडून काढा, मास्तर."

मी वैतागलो. "काका, मला गाडी चालवता येते. कशाला एवढी धावपळ?"

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "तिनं दोनदा सांगतलं होतं मले, जिना चढताना दम लागते मनून. मी मनलं, वय झालं आता. इंजिनाचा आवाज जरासा बदलला तं भरली गाडी उभी करत होतो मी. अन् घरातलं ऐकू नाई आलं."

मी वही उघडली आणि पहिल्या खड्ड्यापासून वाचत बसलो.

झडप बसली. दुसऱ्या दिवशी भेटायला सोडलं, तर काका जवळजवळ धावतच खाटेपाशी गेले.

"दम लागून राह्यला का? खरं सांग."

"मले नाई," काकू म्हणाल्या, "तुमालेच लागून राह्यला."

काका हसायला गेले आणि हुंदका फुटून, काकूंचा हात धरून रडू लागले.

"असू द्या," काकू म्हणाल्या. "आहो ना मी."