बुधरामकाकांचं जाळं आणि अंकुशचा फॉर्म

"चुकीची तारीख माझ्या फॉर्ममधी घुसूच शकत नाही," अंकुशने साकोलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून रंजूला फोनवर सांगितलं. "तीस फेब्रुवारी टाकून पाह्य. जावास्क्रिप्ट कोड हाकलूनच लावते."

रंजूला तीस फेब्रुवारीशी घेणंदेणं नव्हतं. तिला दोघांच्या लग्नाची काळजी होती. तिचे वडील बुधराम दिघोरीकडच्या एका गावात मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, आणि दिवसभर बटणं दाबणाऱ्या पोराला मुलगी द्यावी की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. त्यांच्यावर छाप पाडायला अंकुशने संस्थेला फुकटात फॉर्म बनवून दिला. तलावात कोणाचं जाळं कधी, हे आता वहीऐवजी मोबाइलवर लिहायचं होतं.

मीटिंगमध्ये अंकुशने मोबाइल पुढे केला; पहिला मान अध्यक्षांचा. बुधरामांनी तारीख टाकली. जाळं टाकायची वेळ संध्याकाळी सहा, काढायची पहाटे पाच. फॉर्म लालेलाल झाला. 'काढण्याची वेळ टाकण्याच्या नंतरची हवी. कृपया नीट विचार करा.'

चाळीस वर्षं मासे मारलेल्या माणसाला नीट विचार करायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

"टाकल्यावरच काढतो ना मी," बुधराम म्हणाले. "टाकायच्या आधी कसा काढीन?"

"ह्यानं जाळं पाह्यलं हाये काय कधी?" संस्थेतल्या सखाबाईने विचारलं. ती मोबाइलबद्दल बोलत होती की अंकुशबद्दल, ते कळलं नाही.

जाळं रात्रभर पाण्यात राहतं आणि मध्ये तारीख बदलते, हे अंकुशच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्या आजोबांनी मासे धरले होते, त्याने फक्त खाल्ले होते.

"काका, आजच्यापुरतं उलटं लिहा," तो म्हणाला. "टाकायची पहाटे पाच, काढायची संध्याकाळी सहा."

फॉर्म हिरवा झाला. अंकुशने सुटकेचा सुस्कारा सोडला, पण जरा घाईच केली. लिहिलं तसंच वागायचं, नाहीतर महिनाभर तलावावर बंदी, हा संस्थेचा नियम होता, आणि तो बुधरामांनीच केला होता. अध्यक्षच नियम मोडणार कसा?

ठरल्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी जाळं टाकलं आणि अंकुशला शेजारी बसवलं. ऊन चढलं. मासे खोल पाण्यात निवांत पडून होते. बारा वाजता गावातल्या इश्वरच्या म्हशी डुंबायला आल्या. त्यातली एक जाळ्यात अडकली, बिथरली आणि जाळं अंगावर पांघरून थेट गावात गेली. डोक्यावरून पदर घेतलेल्या नवरीसारखी ती घरोघर हिंडली.

अंकुशने घाईघाईने लॅपटॉप उघडला. काढायची वेळ टाकायच्या वेळेच्या आधीची असेल तर एक दिवस वाढव, एवढंच त्याने लिहिलं.

"झालं, काका."

"किती ओळी लिहिल्या?"

"एक."

अंकुशने हिंमत केली. "काका, रंजूबद्दल मले बोलायचं होतं."

"मलेही बोलायचं होतं," बुधराम म्हणाले. "पोरीनं लय समजावलं मले. होकार द्यायलेच त मी त्या मीटिंगले आलो होतो. तोंड उघडणार, तेवढ्यात तू मोबाइल हातात देला."

"मंग आता?"

"आता मी नीट विचार करून राहिलो," बुधराम म्हणाले. "तू जा, म्हैस शोध."