भुरकीची ओळख

एका जंगलात, जिथे वाट संपते आणि पाय चिखलात रुततो, बाळांनो, तिथे एक पाणथळ होतं. तिथे फुलपाखरं राहायची. रंगीबेरंगी नव्हेत हं! तपकिरी, बुटकी, जाड मानेची, टुणटुण उडणारी. एक जात लव्हाळ्यावर अंडी घालायची, दुसरी देवभाताच्या गवतावर. दिसायला सगळी सारखी. पण वेगळ्या ओळखीवाचून कुणाचं कधी अडलं नाही.

मग तिथे बगळेसाहेब आले. त्यांनी हुकूम काढला, "ओळख पटल्याशिवाय कुणी अंडी घालायची नाहीत."

त्या फुलपाखरांतल्या भुरकीचं पोट अंड्यांनी भरलेलं. आयुष्य उरलेलं दोन दिवसांचं. ती धापा टाकत आली.

"साहेब, लवकर बघा हो."

बगळ्याने मान वाकडी केली. "पंखावर तीन ठिपके म्हणजे लव्हाळ्याची. चार म्हणजे देवभाताची. तुझे तर पुसलेत!"

"लव्हाळ्यात घुसून घुसून गेले की! म्हणजे मी लव्हाळ्याचीच ना?"

"तो पुरावा नव्हे."

"मग माझ्या बहिणीला विचारा."

"ती तुझ्यासारखीच दिसते. तिला कोण ओळखणार?" बगळ्याने पोथी उघडली. "खात्रीचा उपाय एकच. पोट उघडून बघायचं. मग तुझं नाव सुरेख अक्षरांत लिहीन."

"काल चिंगीची ओळख पटली म्हणे. कुठे आहे ती?"

बगळ्याने आवंढा गिळला. "नोंदीत."

भुरकी दोन पावलं मागे सरली. मग म्हणाली, "साहेब, एकटीचं पोट बघून काय कळणार? ताडून बघायला दुसरी नको? दोन्हीकडची एकेक घेऊन येते."

"वा! शास्त्राला धरून बोललीस. जा, आण. मी इथून हलत नाही."

भुरकी निघाली ती थेट गवतात. आपली जात कोणती, हे तिला सांगता आलं नसतं. पण फुलपाखरू पायाने चव घेतं, बाळांनो. देवभातावर पाय टेकला. ह्यॅ! लव्हाळ्यावर टेकला. हं, हेच! एकेका पात्यावर एकेक अंडं ठेवून ती मोकळी झाली. तिसऱ्या दिवशी गेली बिचारी. बिननावाची.

महिने लोटले, बगळा अजून एका पायावर उभाच. शेवटी कंटाळून त्याने लिहिलं, "या पाणथळात फुलपाखरं आढळत नाहीत."

तेव्हा भुरकीची नात त्याच्याच चोचीवर बसली होती. पाय टेकून म्हणाली, "ह्यॅ! हे आपलं गवत नव्हे."

तात्पर्य : आपली खरी ओळख जगाला पटावी असं वाटत असेल, तर खुशाल मरावं. पोरंबाळं वाढवायची असतील, तर "थांबा हं, आलेच" म्हणून निघावं.