मुंगूससाहेबांनी टॉर्च निवडला

दुपारचे चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. तेव्हाच एका जंगलात, एका जुन्या उंबराच्या ढोलीत, अगदी तळाशी, "स्स्स" असं वाजलं.

मुलांनो, सरकून बसा. पण फार पुढे येऊ नका, पडाल.

त्या ढोलीत झुबकी नावाची खार राहायची. तिला तीन पिल्लं. थोरला, मधली आणि धाकटं. धाकट्याचे तर अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते. तिघं ढोलीच्या तोंडाशी कापसाच्या गादीवर झोपली होती आणि झुबकी त्यांना मोजत होती. दिवसातून चाळीस वेळा मोजायची. तीनच होती, तरी मोजायची.

"स्स्स" ऐकलं आणि तिची शेपटी फुलून बाटली धुवायच्या ब्रशासारखी झाली.

तिने खाली वाकून पाहिलं. अंधार. डोळे बारीक करून पाहिलं. तरी अंधारच.

आता तुम्ही म्हणाल, मग पिल्लं उचलून पळायचं ना! मुलांनो, तुम्ही लहान आहात. त्या जंगलात कायदा होता. ढोलीत काही वाजलं तर ढोली-बीळ तपासणी कचेरीत जाऊन सांगायचं. तपासणी होईपर्यंत ढोली सोडायची नाही. सोडली तर अर्ज रद्द, आणि ढोली ज्याला हवी त्याची. उंबरावरची ढोली पुन्हा मिळते होय? दारातच फळं!

झुबकीने पिल्लांवर पान पांघरलं आणि पळत कचेरीत गेली. कचेरी वारुळामागेच होती.

कचेरीचे साहेब होते मुंगूस. त्यांचे आजोबा म्हणे नुसत्या दातांनी साप धरायचे. पण हे साहेब झाले होते. गळ्यात ओळखपत्र होतं. ते घातलं की खाली वाकता येत नाही.

"साहेब, ढोलीत स्स्स झालं हो! माझी पिल्लं आहेत तिथं!"

"कसलं स्स्स? लांब की आखूड?"

"लांब."

"मग तपासणी करावी लागेल."

"चला की मग!"

"चला कसं, बाई? आत अंधार असणार. टॉर्च लागेल. नियमातच आहे, तपासणी चांगल्या टॉर्चने करावी."

"मग घ्या ना टॉर्च."

"तोच निवडायचा राहिलाय," साहेब म्हणाले. "गेली चार वर्षं."

कचेरीत एक कारागीर होता. ठोकेमामा सुतारपक्षी. झाडांची डागडुजी तोच करायचा. तो म्हणाला, "साहेब, टॉर्च कशाला? मी बाहेरून टकटक करतो. कुठं पोकळ, कुठं भरलेलं, आवाजावरून सांगतो. आमचे बाबा असंच सांगायचे."

"चोच उपकरणात धरत नाहीत, ठोके. तिचं गॅरंटी कार्ड आहे का?"

ठोकेमामाने चोच खाली-वर करून पाहिली. कार्ड नव्हतं.

मग तिघं निघाले वानरशेठच्या दुकानात. म्हणजे दोघं चालत गेले आणि झुबकी त्यांच्याभोवती गोल गोल पळत गेली. "लवकर हो! लवकर हो!"

वानरशेठचं दुकान वडाच्या पारंब्यांवर होतं. पारंबीला एकेक टॉर्च टांगलेला. शेठ चार हातापायांनी आणि वर शेपटीने माल दाखवायचे.

"या या या! टॉर्च ना? काय काम आहे?"

"मी सांगतो," ठोकेमामा पुढे आला. त्याला आता मजा वाटायला लागली होती. "मला दोन्ही पायांनी खोड धरावं लागतं. तेव्हा हातात धरायचा नको. लहान पाहिजे, हलका पाहिजे, तुऱ्याला अडकणारा. जवळचं नीट दिसलं पाहिजे. सारखे सेल बदलायला लागू नयेत, चार्ज होणारा पाहिजे."

"मग हा घ्या!" शेठच्या शेपटीने एक टॉर्च खाली आणला. बोटाएवढा. "मागे क्लिप. बुडाला लोहचुंबक. मंद उजेड ठेवला तर एका चार्जवर दोन दिवस काळजी नाही. पावसात भिजला तरी चालतो."

"हाच! हाच!" झुबकीने टाळ्या पिटल्या. "माझी ढोली हातभर तर आहे. चला!"

साहेबांनी तो टॉर्च दोन नखांत धरून पाहिला. जशी आपण भाजीतली अळी धरतो, तसा.

"एवढासा? हा हातात घेऊन मी उभा राहिलो तर फोटोत दिसेल का?"

"फोटोत तुम्ही दिसाल की, साहेब," ठोकेमामा म्हणाला.

"मी रोजच दिसतो. मोठा काढा हो, शेठ."

शेठने मोठा काढला. कोहळ्याएवढा होता. खांद्याला लावायला पट्टा. खोक्यावर लिहिलेलं, पन्नास लाख लुमेन. लुमेन म्हणजे काय ते मला विचारू नका, मुलांनो. शेठलाही माहीत नव्हतं. पण पन्नास लाख म्हटल्यावर सगळ्यांनी श्वास रोखला.

"कोसभर लांबची टेकडी दाखवतो!" शेठ म्हणाले.

"टेकडीला काय झालंय?" झुबकीने विचारलं. "माझं स्स्स ढोलीत आहे."

"बाई, टेकडी दिसली म्हणजे ढोली दिसलीच समजा," साहेब म्हणाले.

"आणि सहा तऱ्हेचे उजेड आहेत," शेठ बटण दाबत सुटले. "पांढरा, पिवळा, लाल, लुकलुक, जोरात लुकलुक, आणि हा बुडत्या नावेचा."

"आपल्या जंगलात नाव कुठं आहे?"

"उद्या आली तर?"

साहेबांनी मान डोलावली. असा दूरचा विचार त्यांना फार आवडायचा.

पण घाईने घेतील तर साहेब कसले? नियम होता, तीन टॉर्च पेटवून बघायचे आणि मग निवडायचा. म्हणून एक बोटभर, एक मधला आणि एक कोहळा असे तिन्ही मैदानात मांडले. भर उन्हात. पाचला दहा कमी होते आणि उन्हाळ्याचे दिवस.

तिन्ही पेटवले. उन्हात कुठला उजेड दिसतोय?

"तिन्ही सारखेच दिसतात," साहेब म्हणाले.

"साहेब, अंधारात बघू ना. ढोलीतच बघू!" ठोकेमामा म्हणाला.

"वेडा आहेस का? ढोलीची तपासणी झालेली नाही. तिथं धोका असेल."

मग साहेबांना एक कल्पना सुचली. ते म्हणाले, "डोळ्यात मारून बघू या."

तुम्ही असं कधी करायचं नाही हं. घरी टॉर्च असेल तर आत्ताच आईकडे देऊन या.

साहेबांनी बोटभर टॉर्च स्वतःच्या डोळ्यात मारला. "हॅ! मला अजून सगळं दिसतंय. नापास."

मधला मारला. "थोडं थोडं दिसतंय. नापास."

मग दोन्ही हातांनी कोहळा उचलला आणि बटण दाबलं.

"अरे वा!" साहेब ओरडले. "काहीच दिसत नाही! पास! पास!"

"मला बघू, मला बघू!" म्हणून ठोकेमामाने मान घातली. "आई गं! साहेब, झाड गेलं! सगळं गेलं! काय टॉर्च आहे!" आणि तो आनंदाने उडाला तो थेट वडावर आपटला. शेठनेही पाहिलं. आपलाच माल, पण त्यांनी कधी बघितला नव्हता. ते पारंबी समजून साहेबांच्या शेपटीला लोंबकळले.

तिघंही हसत होते. इतके हसले, की साहेबांचं ओळखपत्र पाठीवर गेलं.

"घ्या, मोठ्यावर छोटा फुकट!" शेठ म्हणाले.

"कचेरीत खेळणी नकोत," साहेब म्हणाले. "ओ खारबाई, पोरांना न्या खेळायला."

झुबकीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने तो छोटा टॉर्च कानाला अडकवला आणि ढोलीकडे धूम ठोकली.

पिल्लं होती. एक, दोन, तीन. पण स्स्स आता तळाला नव्हतं. वीतभर वर आलं होतं.

उंबराच्या वरच्या फांदीला वटवाघूळकाकू उलट्या लटकून झोपल्या होत्या. झुबकीने त्यांना गदागदा हलवलं. काकूंनी कुरकुर केली, ढोलीत तोंड घातलं आणि एक बारीक किंचाळी मारली. मग कान लावून ऐकलं. वटवाघळांना असंच कळतं, आवाज परत येतो त्यावरून.

"लांबीला चार हात आहे," काकू म्हणाल्या. "वेटोळं घातलंय. तोंड वरच्या बाजूला. धामण आहे गं."

झुबकी पुन्हा पळाली. साहेब वारुळाकडे तोंड करून उभे होते.

"साहेब, धामण आहे! चार हात!"

"कोण बोलतंय? समोर या."

"समोरच आहे हो!"

"बरं. धामण कुणी पाहिली?"

"काकूंनी ऐकली."

"आमच्या फॉर्मात 'पाहिले' असा रकाना आहे. 'ऐकले' असा नाही. थांबा, आता टॉर्चच आणतो. चार्ज होतोय."

शेठच्या दुकानावर उन्हावर चालणारा पत्रा होता. कोहळा त्याला लावलेला. ऊन कलत होतं, तसा कोहळाही आरामात चार्ज होत होता.

"किती वेळ लागेल?"

"एक तास. फार तर दीड. तुम्ही ढोली सोडू नका हं, बाई. अर्ज रद्द होईल."

झुबकी परत आली. स्स्स आणखी वीतभर वर.

ती दाराशी बसली. आत पिल्लं, बाहेर पिकलेली उंबरं. हीच ढोली मिळावी म्हणून ती अख्खी थंडी एका तुटक्या फांदीवर राहिली होती. तिला रडू आलं.

"पोरी," काकू उलट्या लटकूनच म्हणाल्या, "अर्ज राहू दे तिथं. पोरं उचल."

झुबकीने नाक पुसलं. थोरल्याला मानेला धरून तोंडात उचललं आणि शेजारच्या आंब्यावर नेलं. दोन फांद्यांच्या बेचक्यात ठेवलं. परत आली. मधलीला नेलं. परत आली.

धाकटं गादीत कुठंतरी घुसलं होतं. झुबकी आत शिरली, कापूस उकरायला लागली. त्या गडबडीत कानावरचं बटण दाबलं गेलं आणि मंद, पिवळसर उजेड पडला. हातभरच.

पण हातभरात सगळं होतं. इकडे धाकटं, अंगठा चोखत. तिकडे धामणीचं तोंड. मध्ये चार बोटांची जागा.

"अगं, थांब ना," धामण गोड आवाजात म्हणाली. "मला मोजू तरी दे किती आहेत."

तोवर झुबकीच्या तोंडात धाकटं होतं आणि ती आंब्यावर होती.

मग बरोबर साडेसहाला तपासणी आली. पुढे मुंगूससाहेब, मागे ठोकेमामा, कोहळा शेठच्या खांद्यावर. अजून कुणालाच नीट दिसत नव्हतं, म्हणून एकमेकांच्या शेपट्या धरून आले.

कोहळा ढोलीत घालायला गेले. जाईना. ढोलीचं तोंड लहान.

"टॉर्च बदलायचा का, साहेब?" ठोकेमामाने विचारलं.

"निवडलेला टॉर्च बदलत नसतात. ढोली बदला."

ठोकेमामाने ठकठक ठकठक करून ढोलीचं तोंड कोहळ्याएवढं केलं. आता त्यातून कोल्हासुद्धा गेला असता. मग कोहळा आत घातला आणि बटण दाबलं. पन्नास लाख लुमेन हातभर ढोलीत! सगळं पांढरं झालं. सगळ्यांना परत काही दिसेना. परत सगळे हसायला लागले.

"बंद करा हो, झोपमोड झाली!" आतून आवाज आला.

"माफ करा हं. तपासणी आहे," साहेब म्हणाले.

"हो का? नवीन वाटतं टॉर्च. केवढ्याला पडला? चुंबक आहे का?"

"चुंबक नाही. पण नावेचा उजेड आहे."

"वा! मग काय पाहिजे!" धामण म्हणाली. "जड आहे ना? द्या, मी धरते. तुम्ही लिहून घ्या."

तिने टॉर्चला दोन वेढे घातले आणि छान उभा धरला. शेठ खूश झाले. स्टँड वेगळा घ्यायला नको.

"ठोके, काय दिसतंय?"

"पांढरं, साहेब."

"शेठ, तुम्हाला?"

"एकदम पांढरं."

साहेबांनी लिहिलं. ढोली आतून पांढरी, स्वच्छ. धोका पाहिला नाही. तोंड मोठं केल्यामुळे हवा चांगली. तक्रारदार गैरहजर, सबब अर्ज रद्द. आत एक सुशील भाडेकरू, कामाला मदत करते.

मग कोहळ्याबरोबर सगळ्यांचा फोटो झाला. फोटोत कोहळा फार छान आला. बाकी कुणाचे डोळे उघडे आले नाहीत. धामणीचे तेवढे आले.

तात्पर्य: टॉर्च नेहमी असा निवडावा, की त्याच्या उजेडात काहीही दिसू नये. दिसलं की काहीतरी करावं लागतं.

आणि मुलांनो, कचेरीने एक निरोप सगळ्या जंगलाला द्यायला सांगितला आहे, तेव्हा जो ऐकेल त्याने दुसऱ्याला सांगावं, दुसऱ्याने तिसऱ्याला. संध्याकाळी एखाद्या आंब्यावर बोटभर पिवळा उजेड दिसला आणि कुणी "एक, दोन, तीन" असं मोजताना ऐकू आलं, तर तिला कळवा, तुझी ढोली तपासली, काही भीती नाही, परत राहायला ये.

मुलांना घेऊनच ये म्हणावं. हे शेवटचं धामणीने आवर्जून सांगायला सांगितलंय.