गावंडे आणि गावोगावचं इंग्रजी

आमच्या बिल्डिंगमध्ये आज कोणता कचरा टाकायचा हे कोणी कॅलेंडर बघून ठरवत नसे. गावंडे जिन्यावरून काय गात उतरतायत, ते ऐकून ठरवत.

जपानात कचरा हा गमतीचा विषय नाही. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे, आणि प्रत्येकाचा वार वेगळा. चुकलात तर पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि ती पिशवी सगळ्या गल्लीसमोर तुमची वाट बघत बसून राहते. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या आमच्या त्या चार मजली इमारतीत गावंडे सगळ्यात वर राहायचे. पिशवी घेऊन खाली येताना गायचे, आणि तेही इंग्रजी. जळणाऱ्या कचऱ्याला यॉर्कशरच्या मेंढपाळांची गाणी, प्लॅस्टिकला स्कॉटलंड, आणि बाटल्यांना खलाशांची. बाटली आणि खलाशी ही जोडी त्यांनी का जमवली ते सांगायला नको. शेजारच्या इशिदा आजींना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण चाली पाठ झाल्या होत्या.

एका मंगळवारी जळणारा कचरा हातात असताना गावंड्यांना स्कॉटलंडची लहर आली. अर्धी बिल्डिंग प्लॅस्टिक घेऊन खाली! दुपारपर्यंत कोपऱ्यावर चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्यांची रांग लागली. संध्याकाळी गावंडे तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचे पुडे घेऊन दारोदार कमरेत वाकून माफी मागत होते. इशिदा आजींनी पुडा घेतला आणि फार गंभीरपणे सांगितलं, "गाणं बदलणार असाल तर आदल्या दिवशी कळवत जा."

ही गोष्ट दोन हजारनंतरच्या त्या वर्षांतली, जेव्हा आयटीवाले झुंडीनं टोकियोत उतरत होते आणि आम्ही बायका प्रेशर कुकर मांडीवर घेऊन त्यांच्या मागोमाग. माझा नवरा अजित आणि गावंडे कावासाकीच्या एकाच कंपनीत होते. रोज सकाळी एकाच गाडीनं जायचे. अजित उभ्याउभ्या झोपायचा आणि गावंडे कानात इयरफोन घालून ओठ हलवत राहायचे. चाळिशी उलटलेली, लग्न नाही, भांग तेल लावून पाडलेला. नाव दिगंबर. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला वहिनी.

"वहिनी, इंग्रजी नावाची भाषाच नसते," ते चहा पिता पिता सांगायचे. "गावं असतात."

टीव्हीवर कोणी गोरा बोलायला लागला, की हे डोळे मिटून दोन वाक्यं ऐकणार आणि निकाल देणार, "आईचं गाव न्यूकॅसल. बाप बाहेरचा." खरं-खोटं करणार कोण? पण सांगायचे असं, की जणू त्या माउलीच्या हातचं जेवून आलेत. न्यूकॅसलचा माणूस 'डाउन टाउन' जात नाही, 'डून टून' जातो. यॉर्कशरचा 'कप' पीत नाही, 'कुप' पितो. हे सगळं ते शिकले गाण्यांमधून. खाणीतल्या मजुरांची, कोळणींची, गिरणीतल्या पोरींची गाणी त्यांनी कुठून कुठून जमवली होती. "शाळा माणसाचा उच्चार धुऊन काढते, वहिनी. पण आईनं म्हटलेलं गाणं काही तिच्या हाती लागत नाही."

जपानला येण्याआधी पुण्यात एका कॉल सेंटरात ते पोरांना न्यूट्रल इंग्रजी शिकवायला होते. तिथे फार दिवस टिकले नाहीत. "न्यूट्रल म्हणजे काय? कोणाचीच आई असं बोलत नाही. पोरकी भाषा शिकवायचा पगार घेऊ?" म्हणाले आणि राजीनामा दिला.

मी तेव्हा जपानी बायकांना इंग्रजी शिकवायची पार्ट टाइम नोकरी करत होते. एकदा मुलाला ताप आला म्हणून माझ्या जागी मी गावंड्यांना पाठवलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. एका तासात माझ्या सगळ्या बायका स्कॉटलंडच्या झाल्या. लहान वस्तूला 'वी' म्हणायला लागल्या, आणि 'मला माहीत नाही'ला 'आ डिन्ना केन'. पुढचा महिना मी ते स्कॉटलंड घासून काढत होते. तरी नोगुचीसानच्या जिभेवर थोडं राहिलंच. त्या लंडनला फिरायला गेल्या, हॉटेलात किल्ली हरवली, आणि दरवानानं काही विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'आ डिन्ना केन.' दरवान निघाला नेमका स्कॉटलंडचा. त्यानं किल्ली शोधली, बॅगा उचलल्या, आणि चार दिवस तो येताजाता त्यांना गाणी ऐकवत होता. परत आल्यावर नोगुचीसान मला अदबीनं म्हणाल्या, "सेन्सेई, तुमचं इंग्रजी फार शुद्ध आहे. पण चालतं ते गावंडेसानचं."

ऑफिसात मात्र हे प्रकरण अंगाशी आलं. कंपनीचा एक इंग्रज क्लायंट फोनवर मीटिंग घ्यायचा. पहिल्याच दिवशी गावंड्यांनी डोळे मिटले, न्यूकॅसल ओळखलं, आणि त्याच्याशी त्याच्याच बोलीत बोलायला लागले. पलीकडून साहेब गरजला, "माझी नक्कल करायला पैसे देतो का मी तुम्हाला?" जपानी मॅनेजर फोनसमोर उभा राहून वाकून वाकून माफी मागू लागला. अजित सांगतो की फोनला डोळे नसतात हे त्या दिवशी त्याला फार जाणवलं. गावंड्यांना मीटिंगमध्ये तोंड उघडायची बंदी झाली. फक्त मेल करायची. "मेलला गाव नसतं हो," ते मला खिन्नपणे म्हणाले.

पुढे तो साहेब प्रत्यक्ष कावासाकीला आला. रीतीप्रमाणे सगळे त्याला घेऊन प्यायला बसले. दोन ग्लास बियर पोटात गेल्यावर गावंड्यांची बंदी त्यांची त्यांनाच आठवेना. खाणीत गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं त्या भागातलं एक गाणं त्यांनी हळूच सुरू केलं. साहेब आधी लाल झाला, मग त्यानं रुमाल काढला. गाणं संपल्यावर म्हणाला, "तिसऱ्या ओळीत चुकलास. माझी आजी तिथे वेगळं म्हणायची." आणि त्यानं ती ओळ म्हणून दाखवली. गावंड्यांना वर्षभराच्या बोनसचा जेवढा आनंद झाला नसता, तेवढा त्या चुकीचा झाला.

असा हा गावोगावचं इंग्रजी बोलणारा माणूस मराठी कसं बोलायचा? रेडिओवरच्या बातम्यांसारखं. एक कानामात्रा इकडची तिकडे नाही. मी पुण्याची, आणि आम्ही पुणेकर दुसऱ्याच्या मराठीला सहसा पास करत नाही. पण मीसुद्धा त्यांना पेठेतलेच समजत होते. गाव विचारलं तर "अकोल्याकडे" एवढंच म्हणायचे आणि विषय बेलफास्टला न्यायचे.

मग त्यांची आई आली.

नऊवारी लुगडं, पायात मुलानं घेतलेले पांढरे बूट, आणि तोंडात खणखणीत वऱ्हाडी. सुपरमार्केटातल्या काउंटरवरच्या पोरीशीही त्या वऱ्हाडीतच बोलायच्या. ती जपानीत उत्तर द्यायची आणि दोघींचं समाधान व्हायचं. आमची पोरं त्यांना आजी म्हणायला लागली. आजी रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसायच्या. पहिले काही दिवस जपानचं कौतुक झालं. मग एके दिवशी लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "सुनबाई, माहा दिगू माह्याशी बोलते तं मले वाटते कोनी सायेब पाहनीले आला हाय. मी काही चुकीचं बोलन असं वाटते मले. मंग मी बोलतच नाही."

मी हे गावंड्यांच्या कानावर घातलं. तेव्हा कळलं ते असं. पुण्यात इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मेसमध्ये वाढप्याला म्हटलं होतं, "मले अजून एक पोई देजो." सगळी मेस हसली. पुढे वर्षभर ते दिसले, की पोरं सुरात 'पोई देजो' ओरडायची. वर्षअखेरीपर्यंत गावंड्यांनी जीभ अशी धुतली, की कोणाला पत्ता लागू नये. "कोण कुठे काय बोलतं ते कान लावून ऐकायची सवय तेव्हाच लागली," ते म्हणाले. आणि लगेच उभे राहिले. "त्यात काय मोठंसं? आईशी वऱ्हाडीत बोलेन की. न्यूकॅसल जमतं, अकोला नाही जमणार?"

त्या रविवारी मायलेक आमच्याकडे जेवायला होते. मी वांग्याची भाजी केली होती. गावंड्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "माय, कायची भाजी हाय व? मले वाढजो थोडी."

काही म्हणता काही चुकलं नव्हतं. आजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"दिगू, माही नक्कल करून राहिला का रे?"

अजितनं पाण्याचा पेला उचलला आणि तो पिणंच विसरला. आजी रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. त्या खाली मान घालून पुन्हा जेवायला लागल्या. निघताना गावंडे जिन्यात मला म्हणाले, "वहिनी, उच्चार बरोबर होते. पण मी करतोय, हे मलाच ऐकू येत होतं." मला इतकं भरून आलं, की मी उगाच "सावकाश जा" म्हटलं. त्यांना एकच मजला चढायचा होता.

आजींचं परतीचं तिकीट कोजागिरीनंतरचं होतं. आता त्यांना फक्त दिवस काढायचे होते, हे मला दिसत होतं.

कोजागिरीला आमच्या मराठी मंडळानं वॉर्डाचा एक हॉल घेतला होता. आम्ही पुण्या-मुंबईच्या बायकांनी मधे कागदी हत्ती ठेवला, हातात झेरॉक्स घेतल्या आणि भोंडला म्हटला. आजी खुर्चीत बसून बघत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आजी, तुमच्याकडचं म्हणा ना काही."

"आमच्याकडं भुलाबाई असते," त्या म्हणाल्या. ते मला ठाऊक होतं, कारण दुपारीच त्यांनी माझ्या मुलाच्या खेळायच्या चिकणमातीची भुलाबाई केली होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघींनी मिळून खाऊ केला होता. वऱ्हाडात भुलाबाईच्या गाण्यांनंतर खाऊ झाकलेलाच ठेवतात. डबा वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही.

आजींनी निळ्या चिकणमातीची भुलाबाई हत्तीशेजारी ठेवली आणि गायला लागल्या. सासरी निघालेल्या मुलीचं गाणं होतं. एकीनं विचारायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, असं. आजींनी पहिला प्रश्न म्हटला आणि थांबल्या. आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिलो. उत्तर आमच्यापैकी कोणाला येणार? त्यांनी प्रश्न पुन्हा म्हटला. कोणीतरी दयेनं टाळ्या वाजवल्या. आजी ओशाळून हसल्या आणि पदर सारखा करत बसायला वळल्या.

तेवढ्यात मागून उत्तर आलं.

मागे पुरुषमंडळी मसाला दूध आटवत होती. गावंड्यांच्या हातात डाव होता, तो त्यांनी पातेल्यातच सोडला. आवाज बेसूर होता. एरवी गाताना ते फार गोड गायचे. हे गोड नव्हतं, हे खाऊच्या आशेनं बहिणींच्या मागे मागे हिंडणाऱ्या पोराचं ओरडणं होतं. आजींनी वळूनही पाहिलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. याचं उत्तर आलं. पुढचा प्रश्न, पुढचं उत्तर. गावंडे चालत चालत बायकांच्या रिंगणात येऊन पोचले, ते त्यांना कळलंही नसावं. दूध खाली लागल्याचा वास सुटला. कोणी हललं नाही.

गाणं संपलं. आजींनी खुर्चीखालचा डबा काढून खडखड वाजवला.

"सांगा पोट्टेहो, काय हाय?"

"शेव हाय का व माय?" गावंड्यांनी विचारलं. कसं विचारलं, ते त्यांचं त्यांना माहीत नव्हतं.

"नाही."

"मंग फुटाने असतीन."

"नाही रे बाप्पा."

"थांब, सांगू नको तू. अजून एकडाव वाजव." आजींनी वाजवला. गावंडे त्या आवाजावर कान लावून जमिनीवरच मांडी घालून बसले. "मुरमुऱ्याचे लाडू! त्याचाच असते असा आवाज. गुयातले लाडू, होय ना व माय?"

आजींनी डबा पोटाशी घट्ट धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून सांग."

आणि गावंडे सांगत सुटले. कानवले, शेंगदाणे, खोबऱ्याची खिरापत, लहानपणी शेजारची कोण मावशी कोणता खाऊ करायची आणि कोणत्या घरी नुसतेच चणे हातावर टेकवायचे, सगळं आलं. आजी प्रत्येक वेळी "नाही" म्हणत होत्या आणि डबा वाजवत होत्या.

डब्यातले ते मुरमुऱ्याचे लाडू मी दुपारी माझ्या हातानं वळले होते.