शकूकाकूंचा कान

शकूकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीला गाल लावायच्या. माणसांची विचारपूस नंतर.

हळदीकुंकवाला आलेली बाई, केसांत गजरा, हातात पर्स, न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून डोळे मिटून उभी! झाशीत मराठी घरं मूठभर, त्यामुळे हे दृश्य सगळ्यांनीच पाहिलेलं. "गप्प बसा गं जरा," त्या म्हणायच्या, "आत ठिबकतंय." आणि आत खरोखरच ठिबकत असायचं.

एकदा भाचीसाठी स्थळ पाहायला जवळच्या बबिन्याला गेल्या. परत येऊन म्हणाल्या, "मुलगा सोन्यासारखा. आई जरा तोंडाळ. स्वयंपाकघरातला पाइप मात्र भिंतीत गळतोय. तेवढा दुरुस्त करा म्हणावं आणि साखरपुडा उरका." मुलाकडच्यांनी भिंत फोडली, पाइप गळका निघाला, लग्न झालं.

काकू सुभेदारांची बायको. सुभेदार जाऊन काही वर्षं झाली होती, पण हुकूम सोडण्याची सवय घरात राहिली होती.

आमचं घर खंडेराव गेटाजवळ, दुबेजींच्या घराला लागून. मधली भिंत एकच. त्या वर्षी भिंतीला ओल आली. आमच्याकडे कपाटातली पांघरुणं कुबट झाली, त्यांच्याकडे देवघराचा रंग सोलून पडला. दुबेजींच्या म्हाताऱ्या अम्मा दारातून ओरडल्या, "काए बहू, पानी तुमाए इतै से आ रओ है!" मी म्हटलं, "अम्माजी, हमारे यहाँ से नहीं, आपके यहाँ से!" झालं. आमच्या आमटीची वाटी तिकडे जायची थांबली, त्यांची कढी इकडे यायची थांबली. मिस्त्री आला आणि म्हणाला, दोन्हीकडची न्हाणीघरं फोडावी लागतील. आधी कुणाचं फोडायचं, यावर पुन्हा भांडण.

शेवटी मी काकूंना बोलावलं. "सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा येते," त्या म्हणाल्या. "पाइपात जोर असला की गळती लपत नाही."

आल्या त्या स्टीलचा पेला आणि पिठाचा डबा घेऊन. दोन्ही घरांना हुकूम सुटला. सगळे नळ बंद. पंखे बंद. कुकर खाली. आमच्या यांचा रेडिओसुद्धा बंद. अम्मांचा जप चालू होता. काकू भिंतीपलीकडे ओरडल्या, "अम्माजी, भगवान से कहिए, पाँच मिनट रुकें!"

अम्मा चक्क थांबल्या.

काकूंनी पेला भिंतीला लावला, त्याच्या बुडाला कान टेकवला आणि इंचाइंचाने सरकत गेल्या. ओल खाली होती, त्या मात्र वर वर चालल्या. स्टूल मागितलं. "ओल दिसते तिथे गळती नसते गं. पाणी वाट काढत खाली येतं." मग एका जागी थबकल्या. तिथे कोरडं पीठ चोळलं आणि आम्ही सगळे, दुबेजींसकट, माना वर करून बघत राहिलो. बघता बघता त्या पिठात एक ठिपका काळपट झाला.

"इथे," काकू मिस्त्रीला म्हणाल्या. "हाताएवढंच फोड. जास्त फोडलंस तर बघ!"

मिस्त्रीने छिन्नी लावली. चार विटा निघाल्या आणि आत सापडला एक गंजलेला जुना पाइप. आमचाही नाही, त्यांचाही नाही. दोन्ही घरं कधीकाळी एकाच मालकाची होती, त्या वेळची ती लाइन. वर बंद केलेली, पण खालून अजून पाणी खेळत होतं.

दुबेजींनी टाळीच वाजवली. "काकीजी, आपने तो दोनों घर बचा लिए!" मिस्त्रीने पाइप कापून बूच बसवलं. भिंतीपलीकडून अम्मांनी काकूंच्या नावाचा जयजयकार केला आणि मग कढीचं पातेलं घेऊन स्वतःच आल्या. आमच्याकडे पुरणपोळ्या होत्या. काकूंना मधोमध बसवलं आणि दोन्ही बाजूंनी वाढायला सुरुवात झाली.

मी विचारलं, "काकू, इतकं बारीक ऐकायला शिकलात कुठे?"

त्यांनी घास खाली ठेवला. "यांना अर्धांग झालं ना, तेव्हा वाचाच गेली. काही हवं असलं की एका बोटाने पलंग खरवडायचे. मी स्वयंपाकघरात. फोडणीत, भांड्यांच्या आवाजात तेवढंच ऐकू यायला हवं. यायला लागलं." घास पुन्हा उचलत म्हणाल्या, "ते गेले. कान राहिला. घरात ऐकायला काही नाही, म्हणून लोकांच्या भिंती ऐकत फिरते."

अम्मांना मराठी येत नव्हतं. पण दुबेजींनी हळू आवाजात सांगितलं असावं. अम्मांनी काकूंच्या पानात आणखी कढी वाढली आणि पुटपुटल्या, "अब रोज संझा की ब्यारी इतईं करियो." म्हणजे, आता रोज रात्रीचं जेवण इथेच करायचं.

काकूंनी ते स्वच्छ ऐकलं होतं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. तरी त्या अम्मांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "क्या कहा आपने? ज़रा फिर से कहिए."