धोंड्यात मागितलेली गाडी

माझी चूक एवढीच झाली, की सासऱ्यांनी "काय पाहिजे?" विचारलं तेव्हा मी "अंगठी" म्हणालो नाही.

यंदा अधिक श्रावण आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो आणि तेवढ्या महिन्यापुरता जावई हा प्राणी देव होतो. (एरवी काय असतो ते विचारू नका.) सासरी बोलावणं येतं, पुरणाचे धोंडे खायला घालतात, तेहतीस अनारसे देतात, आणि जावई जे मागेल ते त्याच्या हातावर ठेवून वरून पाणी सोडतात. पाणी सुटलं की दान झालं. मग ते परत घ्यायचं नाही.

मी विजयसिंह. नाव ऐकून तलवारबिलवार डोळ्यांपुढं आणू नका. मी बीडला एका ऑफिसात आवक-जावक सांभाळतो आणि स्कूटीवर फिरतो, तीही बायकोची. माझी सासुरवाडी कडा. सासरे मोहनराव (मी त्यांना मामा म्हणतो) म्हणजे उसाचे मोठे बागायतदार. त्यांच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एक लालभडक, दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्स गाडी उभी असते. ती त्यांच्या वडलांनी हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या नातवाकडून बैलजोडी देऊन घेतली होती. गाडीचा वर चढवायचा कापडी टप तेव्हाच उंदरांनी खाल्ला. तो खाल्ला म्हणून मामांनी ती गाडी कधी पावसात काढली नाही. रोज सकाळी स्वतःच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं ती पुसायची, इंजिन घटकाभर घरघरवायचं, आणि पुन्हा चादर घालायची. माझी बायको राजनंदिनी म्हणते, "पप्पांनी मला इतकं कडेवर घेतलं असतं तर मी आज कलेक्टर असते." सासूबाई छबुबाईंचं म्हणणं त्याहून सरळ. "त्या जागेत एक म्हैस बसली असती."

तर दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्या गाडीला टेकून एक फोटो काढला. फोटो लातूरच्या एका जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शौकिनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. खाली मी नुसतं 'माझी लाडकी' असं लिहिलं. (बायकोला वाटलं तिच्याबद्दल आहे. दोन दिवस चहा वेळेवर मिळाला.) ग्रुपचे प्रमुख संगमेश्वर आप्पा, आडतीचे मोठे व्यापारी, त्यांनी मला अंगठे पाठवले. मग मी रोज कार्बुरेटरवर ज्ञान पाजळायला लागलो. कार्बुरेटर कुठं असतो हे मला अजून नक्की माहीत नाही.

आणि एके दिवशी आप्पांचा मेसेज आला: "विजयसिंहजी, आमच्या गाड्या नगरला निघाल्यात. रविवारी सकाळी कड्याच्या बाजारतळावर सगळ्यांनी जमू. तुमच्या लाडकीला घेऊन या."

दोन वर्षं कमावलेली इज्जत एका रविवारी जाणार होती. नेमक्या त्याच रविवारी आमचा धोंडा होता. म्हणून शनिवारी मामांनी विचारलं, "बोला जावईबापू, काय पाहिजे तुमाला? लाजू नका," तेव्हा मी डोळे मिटून बोलून टाकलं, "गाडी. फक्त उद्या सकाळपुरती."

मामांच्या तोंडातला पानाचा विडा तसाच राहिला.

"गाडी? आवो, चांदीचा तांब्या आणलाय की तुमच्यासाटी!"

"तांब्याचं काय करू मामा मी?"

"मग गाडीचं तरी काय करताव?"

"धोंड्यात जावयाला न्हाई म्हणत्यात व्हय?" आतून सासूबाईंचा आवाज आला. त्या आवाजात मला एवढा आनंद का ऐकू आला, ते तेव्हा कळलं नाही.

मामांनी मान डोलावली, पण अटी घातल्या. ते स्वतः शेजारी बसणार. बैलगाडीच्या वर वेग न्यायचा नाही. आणि गाडीला पाण्याचा एक थेंब लागला तर जावई हे नाव सोडायचं.

"पाऊस?" मी हसलोच. "मामा, आष्टी तालुक्यात? पेरणीपासून आभाळानं इकडं बघितलंय का?"

(हे वाक्य मी अंगणात उभं राहून, आभाळाकडं तोंड करून बोललो. इथंच चुकलं.)

रविवारी सकाळी मला कुंकू लावलं, टोपी-उपरणं घातलं, अनारशांचा डबा मांडीवर दिला आणि गाडीत बसवलं. शेजारी मामा. त्यांचा उजवा हात हँडब्रेकवर, डावा छातीवर. मागून स्कूटीवर राजनंदिनी आणि सासूबाई. कड्याच्या रस्त्यानं लोक घराबाहेर येऊन बघत होते. "कोण निवडून आलं रं?" असंही एकानं विचारलं. मी हात हलवला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आईबापांनी नाव बरोबर ठेवलंय.

बाजारतळावर आठ-नऊ गाड्या झळकत होत्या. आप्पांची हिरवी सगळ्यांत पुढं. मी झोकात वळण घेतलं, गाडी थांबवली, (म्हणजे मामांनी हँडब्रेक ओढला,) आणि खाली पाय ठेवला तोच टपकन एक थेंब नाकावर पडला.

मग जो धो धो सुरू झाला म्हणता! खटाखट सगळ्यांचे टप वर चढले. आमच्या गाडीला काय चढवणार? मामांनी सीटखालची छत्री उपसली. मी तिच्यात शिरायला गेलो तर मला कोपरानं बाजूला सारून त्यांनी ती बॉनेटवर धरली. डोक्याचा फेटा सोडून सीटवर अंथरला. अंगातला सदरा स्टेअरिंगला गुंडाळला. उघडे, नखशिखान्त भिजलेले मोहनराव छत्री धरून उभे, आणि तिकडं सगळा गाव रस्त्यावर येऊन नाचतोय, कारण दोन महिन्यांनी पाऊस आला होता. मामांचाही ऊस वाळत चाललेला. त्यांना हसावं का रडावं कळेना.

"पड रं बाबा, लई पड!" ते आभाळाकडं बघून ओरडत होते. "पर तिकडं रानात पड की! हितं कावून पडतूस?"

एवढ्यात संगमेश्वर आप्पा छत्रीतून आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वा! फोटोपेक्षा देखणी आहे. आणि ड्रायव्हर मात्र इमानी ठेवलाय हां तुम्ही. स्वतः भिजतोय, पण गाडीवर छत्री!"

मामा छत्रीसकट वळले.

"कोन ड्रायव्हर?"

"नाही, म्हणजे," मी म्हणालो.

"विजयसिंहजींची गाडी सांभाळता ना तुम्ही?" आप्पा कौतुकानं म्हणाले. "दोन वर्षं आम्हाला रोज सांगतात, 'माझी गाडी, माझी गाडी'."

"कुनाची गाडी?" मामांनी मला विचारलं. आवाज एकदम बारीक झाला होता. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. कुंकू ओघळून माझ्या डोळ्यांत उतरलं होतं आणि मांडीवरून काखेत घेतलेले अनारसे डब्यात विरघळत होते. आप्पा माझ्याकडं बघत होते. राजनंदिनी तर अशी बघत होती, की आता घरी न जाता सरळ नगरला निघून जावं असं मला वाटलं.

तोच सासूबाई पुढं आल्या. गाडीची किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. वरून पाऊस पडतच होता. हातावरून, किल्लीवरून पाणी खळाखळा खाली ओघळलं.

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "आप्पा, गाडी ह्यांचीच हाय. धोंड्यात जावयानं मागितली, आमी दिली. आन् पानी वरून देवानंच सोडलं."

"आगं, त्यांनी येक सकाळच मागितली हुती!" मामा कळवळले.

"पानी सुटल्यावर सकाळ अन् दुपार असतीया व्हय? घ्या परत, घेताव का? ह्या समद्या गावासमोर?"

भिजलेल्या गावानं एका सुरात "न्हाई, न्हाई, आता परत न्हाई" म्हटलं. एक म्हातारा तर म्हणाला, "गाडी जावयाला दिली म्हनून तर पाऊस आला!" शौकिनांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी मला हार घातला. माझी इज्जत वाचली. मामांनी छत्री माझ्या हातात दिली, गाडीवर धरायला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी बीडला आमच्या दोन खोल्यांच्या दारात आली. तिसऱ्या दिवशी मामा आले. हातात पिशवी, पिशवीत धोतराचं फडकं.

"तुमाला पुसायला जमायचं न्हाई," म्हणाले. "दोन दिस ऱ्हातो, शिकवतो."

त्याला आता तीन महिने झाले. रोज सकाळी ते गाडी पुसतात, इंजिन घरघरवतात, गल्ली जागी करतात. मी गाडीला हात लावला की "हळू, हळू!" म्हणून धावत येतात. गाडी माझी आहे हे ते अगदी मान्य करतात. नुसती किल्ली त्यांच्या जानव्याला... चुकलो, कमरेच्या करगोट्याला असते. तिकडं कड्याला शेडमध्ये छान मुऱ्हा म्हैस आलीय. सासूबाई रोज फोन करून तिच्या दुधाचं कौतुक सांगतात आणि शेवटी विचारतात, "ते बरं हायेत नव्हं? ऱ्हाऊ द्या निवांत."

गल्लीतली पोरं गाडीवर रेघोट्या ओढतात, म्हणून रात्री तिथं कुणीतरी झोपायला पाहिजे, असं मामांनी ठरवलं. त्यांची कंबर धरते, म्हणून त्यांना पलंग. राजनंदिनी म्हणाली, "अहो, लाडकी तुमचीच ना? मग झोपा तिच्याजवळ." तेव्हापासून मी गाडीत झोपतो. पाय बाहेर राहतात, पण त्याची सवय झाली. परतीच्या पावसात तेवढे हाल झाले.

पुढचा धोंड्याचा महिना यायला अजून अडीच वर्षं आहेत. पण त्या खेपेचा माझा विचार पक्का आहे. सासऱ्यांनी "काय पाहिजे?" विचारलं, की अंगठी नाही, बुलेट नाही. गाडीला टप मागायचा.