चौथ्या रकान्यातले कुर्बानभाई

मनुष्याच्या शरीरात रक्तदाब दोन प्रकारचा असतो. एक दंडावर पट्टा आवळून मोजता येतो, आणि आपला किती आहे हे प्रत्येक जण लग्नाच्या पंगतीत न विचारता सांगतो. दुसरा फुफ्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत असतो. तो पट्ट्याला सापडत नाही, म्हणून त्याच्यासाठी समिती लागते.

ज्यांची फुफ्फुसं आतून घट्ट होत जातात (आम्ही याला फायब्रोसिस म्हणतो, कारण ठाऊक नसलं की आम्ही आधी नाव देतो), त्यांच्यात हा दुसरा दाब गुपचूप चढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकवतो. वेळेत कळला तर घरी प्राणवायू लावता येतो, औषधं देता येतात, माणूस आणखी काही वर्षं अंगणात बसून नातवंडांवर ओरडू शकतो. म्हणून २००६ साली अमरावती-अकोल्याकडच्या अशा रुग्णांची चाळणी करायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष मी होतो. छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून माझी निवड योग्यच होती. दुसऱ्या कुणाचा अर्ज आला नव्हता.

ती वर्षं पाहणीची होती. कपाशी गेली, माणसं गेली आणि पथकं आली. जीपमधून कुणी उतरलं की त्याला कुठल्या खुर्चीवर बसवायचं, चहात साखर किती घालायची आणि कोणतं उत्तर दिलं की पथक लवकर निघतं, हे दर्यापूर-तेल्हाऱ्याकडे लहानथोरांना पाठ झालं होतं. अशा अनुभवी जनतेची चाळणी करायला मिळणं हे आमचं भाग्यच.

खरी तपासणी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पण आमच्या वाट्याला मशीन एकच, तेही अमरावतीला, तेही मंगळवारी. सगळ्यांनाच तिकडे पाठवलं असतं तर समितीची गरज उरली नसती. म्हणून आधी चालण्याची चाचणी ठेवली. शाळेच्या व्हरांड्यात खडूची तीस मीटर रेघ, तिच्यावरून सहा मिनिटं फेऱ्या, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. रुग्ण मध्येच थांबला तर कारणाचे रकाने मी स्वतः आखले होते: पहिला दम, दुसरा पायदुखी, तिसरा चक्कर, चौथा इतर. पहिल्यावर किंवा तिसऱ्यावर खूण झाली तर मंगळवारी अमरावती. चौथ्यावर झाली तर पुढच्या वर्षी भेटू. (भेटण्याची जबाबदारी रुग्णाची.)

दर्यापूरच्या शिबिरात कुर्बानभाई पिंजारी आले. वय अठ्ठावन्न, चाळीस वर्षं गावोगाव फिरून गाद्या-रजयांचा कापूस पिंजलेला. सोबत पत्नी आबेदाबी. कुर्बानभाई रेघेवरून निघाले आणि आठव्या पावलाला थांबून त्यांनी ललिता सिस्टरला माहेर विचारलं. अंजनगाव सुर्जी, असं कळताच तिथल्या तीन घरांची खुशाली विचारली. पुढे बारा पावलांवर व्हरांड्याचा खांब सागवानी आहे का, ते हात टेकून बराच वेळ पाहिलं. मग मला सलाम करायला थांबले. मग भिंतीवरचा नकाशा. सहा मिनिटांत एकशे चाळीस मीटर आणि सात ओळखी. अंतर फारच कमी होतं, चिमट्यावरचा आकडाही घसरला होता, पण हे दोन्ही रकाने मी मागच्या पानावर ठेवले होते. का थांबलात, असं विचारल्यावर म्हणाले, माणसं भेटली, बोललो. चेहरा इतका प्रसन्न होता की मी चौथ्या रकान्यात ठळक खूण केली.

आबेदाबींना काहीतरी सांगायचं होतं. नातेवाइकांसाठी रकाना नव्हता. त्यांना बाकावर बसवलं.

दोन्ही जिल्ह्यांत मिळून सत्तेचाळीस रुग्ण चालले. त्यांपैकी एकोणतीस 'इतर' निघाले. कारणं अशी: ओळख काढणे अकरा, चपलेचा अंगठा नीट करणे सात, आभाळ पाहणे पाच, कपाशीचा भाव विचारणे चार, तंबाखू मळणे (हातात तंबाखू नसताना) दोन. यावरून 'वऱ्हाडी रुग्णांची संवादप्रियता आणि तिचा चाचणीवरील अनिष्ट परिणाम' हा निबंध मी पुण्याच्या परिषदेत वाचला. सागवानी खांबापाशी सभागृह मनापासून हसलं. मला शाल मिळाली. रुग्णाशी चाचणीत कुणीही बोलू नये, अशी शिफारस एकमताने मंजूर झाली.

दहा महिन्यांनी कुर्बानभाईंना शेजाऱ्याच्या ऑटोतून अमरावतीला आणलं. पाय सुजलेले, ओठ निळे. तिशीच्या आसपास असावा तो दाब मशीनवर अठ्ठ्याहत्तर निघाला. मी आबेदाबींना जरा रागानेच विचारलं की दम लागत होता, तर तेव्हा सांगितलं का नाही.

"डॉक्टरसाहेब, हे बोलाले नाई थांबत," त्या म्हणाल्या. "थांबाले बोलते. चार वर्सं झाली. पिंजारी दमते असं कळलं, तर गादी कोन देईन त्याले?"

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार निबंधाचा आला. लाज दुसऱ्या नंबरवर आली. पण आली ती अजून गेलेली नाही.

माझी समजूत कुर्बानभाईंनीच काढली. नाकातली नळी सावरत, तीन दमांत म्हणाले, "तुमची गलती नाई साहेब. मी बोलतोच... लई... गोड."

पुढच्या महिन्यात ते गेले. उरलेल्या अठ्ठावीस जणांना मी स्वतः पत्रं लिहिली. एकोणीस आले, त्यांतल्या अकरांचा दाब चढलेला होता. सहा जणांच्या घरून त्यांच्या वतीने उत्तर आलं, की पत्राला उशीर झाला. तिघांकडून काहीच नाही. निबंध मागे घेतो, असं परिषदेला कळवलं, तर निबंध फारच लोकप्रिय असून पुढच्या अधिवेशनात पुन्हा वाचावा, असं निमंत्रण आलं. मी अध्यक्षपद सोडलं.

आता ती जागा रिकामी आहे. मघाशी एक माणूस श्वास पुरत नाही म्हणून खांबाला टेकला होता, तेव्हा तुम्हाला त्याची गंमत वाटली असेल, तर त्या जागेसाठी तुमच्या नावाची शिफारस मी आनंदाने करीन.